भोकरमाळचा ठराव

भोकरमाळ, ता. केज
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय मुबश्शिरा,

तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहिते आहे ती भीतीपोटी. अंबाजोगाईच्या वसतिगृहात पाल दिसली की मी तुझ्या खाटेवर चढायचे, तसली भीती नाही ही.

फोन कावून केला नाही, ते आधी सांगते. सरपंच झाल्यापासून माझा फोन माझा राहिला नाही. दीर उचलतो, भाऊसाहेब म्हणजे आमचा ग्रामसेवक उचलतो, आणि कोण काय टिपून पुढं पाठवतं त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून केजला तुझ्या अब्बांच्या दुकानात गेले. हबीबचाचा रेडिएटरला डाग देत बसलेले. म्हणाले, "बेटी, लिख के रईस को दे. वो फोटो निकाल के भेजता. जवाब आया तो छाप के रखता." तुझा भाऊ रईस तिथंच मोबाईल दुरुस्त करत बसलेला. कागद दिला फक्त.

आमच्या माळावर पवनचक्क्या आल्यात. कंपनी परदेशातली. पहिल्या उभ्या राहिल्या तेव्हा नारळ मीच फोडला. धूर नाही, राख नाही, आमच्या माळावरचा फुकटचा वारा कुणाच्या तरी कामाला येतोय, चांगलंच म्हणलं. पण आता आणखी मोठ्या बसवायच्यात. त्यांची पाती आणायला, क्रेन न्यायला रुंद रस्ता पाहिजे, आणि तो त्यांनी आमच्या पाझर तलावाच्या पाणलोटातून काढला. उन्हाळ्यात सुरुंग लावले. खालच्या वस्तीच्या हापशाला आधी गढूळ पाणी आलं, मग यायचंच थांबलं. मे महिन्यात ग्रामसभा घेतली आणि ठराव केला: पवनचक्कीला ना नाही, पण तलावाच्या पाणलोटातून रस्ता नाही अन् सुरुंग नाही. काम थांबलं.

परवा इंग्रजीत नोटीस आली. दिल्लीच्या नावानं, प्रत ग्रामपंचायतीला. भाऊसाहेबांनी वाचली आणि घाम पुसला. "बाई, तुमच्या ठरावापायी कंपनी भारत सरकारवर दावा लावायली. परदेशात. आकडा लई मोठा हाय."

आणि काल वाहतूक ठेकेदाराचा माणूस आला, मुंजाजी म्हणतात त्याला. गाडीतून उतरलाही नाही. "वैनी, पोरगी कोणत्या शाळेत हाय तुमची?" मी बोलायच्या आत त्यानंच शाळेचं नाव सांगितलं, सुटायची वेळ सांगितली आणि गेला. आजपासून करिष्माला शाळेत सोडायला मीच जाते.

तू याच कायद्याची वकील ना? मला अटक होईल का? आमचं रान जप्त करतील का? शहादेव म्हणतो, नवरा म्हणून सांगतो, ठराव मागं घे. तू सांग.

तुझी
वैष्णवी

•

सिंगापूर
१८ ऑगस्ट २०२५

वैशू,

आधी उत्तर, मग बाकीचं. या दाव्यात तुला अटक होत नाही. तुझ्या रानाला कुणी हात लावू शकत नाही. आता एक लांब श्वास घे आणि पुढं वाच.

दोन देश आपसांत करार करतात: तुमच्या कंपन्या आमच्याकडं आल्या तर आम्ही त्यांना न्यायानं वागवू. उद्या कंपनीला वाटलं की आपल्यावर अन्याय झाला, तर ती भारतातल्या कोर्टात न जाता परदेशात तीन लवादांपुढं, म्हणजे नेमलेल्या पंचांपुढं, थेट देशालाच उभं करू शकते. त्या कायद्याला ग्रामपंचायत आणि दिल्ली यांतला फरक कळत नाही. म्हणून तुमच्या ठरावाचा जाब दिल्लीला विचारतात, तुला नाही. पण दिल्ली घाबरली की मुंबईला विचारते, मुंबई बीडला, आणि बीडहून साहेब तुझ्या दारात येतो. असे दावे कधीकधी जिंकण्यापेक्षा घाबरवण्यासाठीच जास्त लावतात. मी इथं दिवसभर तेच कागद वाचते, म्हणून सांगते.

पण याच करारांत सरकारांना एक जागाही ठेवलेली असते. पाणी, आरोग्य, निसर्ग यांच्यासाठी खऱ्या कारणानं, कुणाशी दुजाभाव न करता निर्णय घेतला, तर तो अन्याय धरत नाहीत. सगळा जीव "खऱ्या कारणानं" या शब्दांत आहे. कंपनी म्हणणार, पाणी हा बहाणा होता.

म्हणून मला सगळं लिही. सभा कशी झाली, कोण आलं, कोण का बोललं. चांगलं तेवढंच नको, सगळं. माझ्यापासून काही लपवू नकोस.

मुंजाजीचं मात्र पोलिसांना लेखी कळव. करिष्माला माझे मुके.

मुबश्शिरा

•

भोकरमाळ
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय मुबश्शिरा,

तुझं पत्र दुकानातच उभ्यानं वाचलं. घरी आले तर शहादेव म्हणाला, आज लई दिवसांनी जेवलीस. मुंजाजीचा अर्ज केजच्या ठाण्यात दिला. पोच मिळाली.

सगळं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते.

विठ्ठलराव आमचे उपसरपंच. तीस वर्षं गाव त्यांच्या शब्दावर चालतं, मी निवडून आले तीही त्यांच्याच पॅनलमधून. ग्रामसभेच्या दोन दिवस आधी ते म्हणाले, "चला सरपंच, पान्याचं कंपनीशी बोलून येऊ." युसूफ वडगावच्या रस्त्याला कंपनीचं कार्यालय आहे, तिथं गेलो. विठ्ठलराव आधी पाण्याबद्दल बोलले. मग खुर्ची पुढं ओढली. "सायेब, पान्याचं बघता येईल. मुरमाचं आन् गाड्यांचं काम आमच्याकडं द्या, मंग ठराव-बिराव कोन करतंय?"

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. माझ्या तोंडून "असं नाही, आम्ही पाण्यासाठी आलोय" एवढं निघायला पाहिजे होतं. निघालं नाही. साहेब नाही म्हणाला, आम्ही परत आलो. गाडीत विठ्ठलराव म्हणाले, "आता दावतो त्याला."

म्हणजे बघ. सभेत विठ्ठलराव तावातावानं ठरावाच्या बाजूनं बोलले ते कामासाठी. आणि खालच्या वस्तीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या त्या पाण्यासाठी. चंद्रभागाबाई तर घागर टेबलावर ठेवून बसली होती. ठराव एकच. त्याचं खरं कारण कोणतं म्हणायचं? माझं कारण पाणी होतं. पण मी त्या खोलीत होते, गं.

इकडं बरं नाही. गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. वायरमन म्हणाला आपोआप जळत नाही अशी. परवा करिष्माच्या शाळेपुढं मुंजाजीची काळी गाडी उभी होती. कुणी काही केलं नाही, काही बोललं नाही. नुसती उभी होती.

हे पत्र वाचून तुला माझ्याबद्दल जे वाटेल ते लिही, पण लवकर लिही.

वैष्णवी

•

सिंगापूर
९ सप्टेंबर २०२५

वैष्णवी,

या विषयावर यापुढं मला काहीही लिहू नकोस. काही विचारू नकोस. मी कारण सांगू शकत नाही. अंबाजोगाईला किंवा बीडला एखादा चांगला वकील गाठ आणि त्याच्याशी बोल.

स्वतःला आणि पोरीला जप.

मुबश्शिरा

•

भोकरमाळ
२२ सप्टेंबर २०२५

मुबश्शिरा,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. हे शेवटचं.

मुरमाचं काम विठ्ठलरावांना मिळालं. मुंजाजी आता त्यांच्या ओसरीवर बसून पान खातो. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव रद्द करायचा, असं त्यांनी मला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

मागच्या सोमवारी शहादेव खत आणायला वडगावला गेलता. भर दुपारी रस्त्यात त्याला गाडीत घेतलं आणि माळावर नेलं. मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. पवनचक्कीच्या खांबाला खाली लोखंडी दार असतं, ते उघडलं. "जरा आत थांबा पाव्हणं." दार लावून घेतलं. आत मिट्ट अंधार आणि वरून घुमणारा तो आवाज, भिंतीला हात लावला की हातातून छातीत येणारा. किती वेळ होता ते त्याला सांगता येत नाही. सोडताना म्हणाले, "मालकीणबाईला सांगा, लई मोकळी हवा हाय माळावर." घरी आला तो पंख्याचं बटण बंद करून बसला. त्या दिवसापासून आमच्या घरात पंखा लागलेला नाही. मी काही बोलले की म्हणतो, "ठराव मागं घे, वैष्णवी. पाया पडतो तुझ्या." माझा नवरा माझ्या पाया पडतो म्हणाला.

आणि शुक्रवारी ठाण्यातून निरोप आला. कंपनीची फिर्याद आहे, खंडणीची. सरपंच बाईनं कार्यालयात येऊन काम मागितलं, नाही म्हणाल्यावर ठराव केला. विठ्ठलरावांचं नाव कुठंच नाही. एकटीचं माझं.

त्या खोलीत मी होते, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. तो साहेब मागंच बदलून गेला. मी ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. फक्त तुला लिहिलं होतं. त्यानंतर आठवड्यात तुझं ते चार ओळींचं पत्र आलं, आणि त्यानंतर ही फिर्याद.

तुझ्या अब्बांच्या दुकानात पण दोघं येऊन गेले. सरपंचबाई इथं कावून येते, विचारत होते. रईस म्हणाला, मोबाईल दुरुस्तीला. म्हणजे माझ्यामुळं तुझं घरही यात आलं. तू त्या भीतीनं बोलली असशील तर तसं सांग, मी राग धरणार नाही. दुसऱ्या कशानं बोलली असशील तर सांगूच नको.

मी दोन तारखेला ठराव रद्द करणार आहे.

वैष्णवी

•

सिंगापूर
२६ सप्टेंबर २०२५

वैशू,

तुझं पत्र रईसनं पाठवलं तेव्हा मी ऑफिसात नव्हते. मला आता ऑफिस नाही.

आठ सप्टेंबरला सकाळी माझ्या टेबलावर नवी फाईल आली. वर भोकरमाळचं नाव इंग्रजीत, चुकीच्या अक्षरांत. आत एक फोटो होता. हिरव्या साडीत माईकपुढं उभी असलेली तू. ज्या कंपनीनं नोटीस दिली, तिचे वकील आम्हीच आहोत, हे मला त्या क्षणी कळलं. पुढचं पान उलटलं नाही. वरिष्ठांकडं गेले, म्हणाले ही बाई माझी मैत्रीण आहे, मला यातून काढा. त्यांनी काढलं. मग विचारलं, तिच्याशी पत्रव्यवहार आहे का? मी हो म्हणाले. खोटं बोलता आलं नाही. ते म्हणाले, दाखव. मी नाही म्हणाले.

तुझं पत्र मी कुणालाही दाखवलं नाही, वैशू. तेव्हाही नाही, नंतर रोज बोलावून विचारलं तेव्हाही नाही; शेवटी त्यांनी मला कामावरून काढलं. ते चार ओळींचं पत्र मी कारण न देता लिहिलं, कारण पक्षकाराचं नावसुद्धा बाहेर सांगणं गुन्हा आहे आमच्यात. आज सांगते आहे, म्हणजे माझी सनदसुद्धा जाऊ शकते. नोकरी गेली की इथून महिन्याभरात निघावं लागतं. सामान बांधते आहे. अब्बांना अजून सांगितलं नाही. मला भीती वाटते आहे, तुझ्यासारखीच. फक्त माझ्या दारात गाडी उभी नाही एवढंच.

आता तुझ्या संशयाबद्दल. त्या खोलीत तिघं होते. फिर्यादीत एकाचंच नाव आहे. ज्याचं नाव नाही, त्याला काम मिळालं. सांगणारा कोण, हे मी कशाला सांगू? ते तूच मला लिहिलं आहेस.

मी तुझी वकील नाही, होऊही शकत नाही. म्हणून हे मैत्रीण म्हणून लिहिते. ठराव रद्द केलास तर फिर्याद खरी ठरेल: काम मिळालं, बोंब थांबली. आणि कायम ठेवलास पण त्या खोलीबद्दल गप्प राहिलीस, तरी तेच. वाट एकच दिसते मला. गावापुढं ते स्वतः सांग. विठ्ठलराव काय बोलले, तू काय बोलली नाहीस, सगळं. पाण्याचं कारण मुरमापासून वेगळं झालं पाहिजे, आणि ते तुझ्याशिवाय कुणी करू शकत नाही.

पण शहादेवभाऊंबद्दल वाचल्यापासून हे लिहिताना हात थांबतो. मी इथं दूर बसून तुला धीट हो म्हणणं सोपं आहे. तू रद्द केलास तरी मी तुला कमी लेखणार नाही. एवढं लक्षात ठेव.

मुबश्शिरा

•

भोकरमाळ
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मुबश्शिरा,

मी तुझ्याबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. आता पुढचं ऐक.

दोन तारखेला शाळेच्या पटांगणात सभा भरली. वेशीत काळी गाडी. मुंजाजीचा एक पोरगा फोन धरून सगळ्यांचं चित्रण करायला. विठ्ठलराव उठले. "गावाच्या विकासाच्या आड कोनी येऊ नये. ठराव रद्द समजा." मला वाटलं होतं मी तयार आहे. उठले तर लोकांकडं बघवेना. करिष्मा शहादेवाच्या मांडीवर होती, तिच्याकडं बघून बोलले. कार्यालयात गेलो ते सांगितलं, खुर्ची पुढं ओढली ते सांगितलं, मुरमाचं सांगितलं. आणि मी खाली मान घालून बसले, तेही.

विठ्ठलराव ओरडले, "बाई खोटं बोलायली! पुरावा काय?"

मी म्हणलं, "मीच पुरावा. माझ्यावर केस झाली, तुमच्यावर कावून झाली न्हाई?"

मग ज्यांना हात वर करायचे त्यांनी करा, म्हणलं, ठराव कायम ठेवायचा असेल तर. तो पोरगा फोन घेऊन रांगेतून फिरायला लागला. एकेका तोंडापुढं फोन धरायचा. दोन-तीन हात वर झाले होते, ते खाली आले. बरेच लोक उठून गेले. 

तेव्हा चंद्रभागाबाई उठली. डोक्यावरचा पदर मागं सारला, फोनपुढं तोंड नेलं. "घे, नीट काढ. दातबी आलं पायजेत." आणि विठ्ठलरावांकडं वळून म्हणाली, "तुमचं मुरमाचं तुमी बघा. आमाला मुरूम प्यायचा न्हाई." तिच्यामागं तिची सून उठली. मग वस्तीच्या बाया. मग कोपऱ्यातून एक हात वर झाला, तो शहादेवाचा. मी त्याला काही म्हणाले नव्हते.

जे राहिले होते त्यांच्यात ठराव कायम झाला. वर एक ओळ जोडली: माळाच्या पूर्वेनं लांबची वाट आहे, तिथून रस्ता न्या, गाव अडवणार नाही.

घरी येताना शहादेवला विचारलं, भ्या वाटलं न्हाई? म्हणाला, "त्या खांबात मला वाटलं, हे दार आता उघडतच न्हाई. भाईर आलो तरी तसंच वाटायचं. आज जरा उघडल्यासारखं वाटलं." दुसऱ्या दिवशी ठाण्यात माझ्या जबाबासोबत त्यानंही आपला जबाब दिला, मुंजाजीचं नाव घेऊन.

अजून काही संपलेलं नाही. मुंजाजी मोकळाच आहे. शाळेत सोडायला आता आम्ही दोघं जातो. पण मला आज झोप लागेल असं वाटतंय. तू कधी येतेस?

वैष्णवी

•

पुणे
१६ नोव्हेंबर २०२५

वैशू,

पुण्यात येऊन तीन आठवडे झाले. अब्बा डबा घेऊन केजहून आले, त्यांनी एकच विचारलं, "किसी का बुरा तो नहीं किया?" नाही म्हणाले. मग त्यांनी डबा उघडला आणि आम्ही जेवलो.

एका महाविद्यालयात शिकवायला सुरुवात केली आहे. सनदेचं अजून काही कळलेलं नाही.

तुला एक सांगायला हवं. कंपनीनं दावा मागं घेतलेला नाही. वर्तमानपत्रात आलं आहे, लवाद नेमले जात आहेत. सरकारी वकील तुझ्याकडं येतील. मला त्यात कुठंच राहता येणार नाही, तुझ्या बाजूनंसुद्धा नाही. पण पोरगी घेऊन चार दिवस पुण्याला यावंसं वाटलं, तर घर आहे.

मुबश्शिरा

•

भोकरमाळ
१८ जानेवारी २०२६

प्रिय मुबश्शिरा,

तू म्हणालीस तसंच झालं. काल मुंबईहून सरकारचे वकील आले, दोघं. आधी खालच्या वस्तीत नेलं त्यांना. भूजल खात्याचे साहेब डिसेंबरात तपासून गेले, त्यांनी लिहून दिलंय की सुरुंगानं खडकाच्या भेगा हलल्या. हापसा अजून कोरडाच आहे, टँकर येतो. कंपनीनं पूर्वेच्या वाटेची मोजणी मात्र सुरू केली. आणि दावाही चालू ठेवला, दोन्ही एकदमच. मुंजाजीला डिसेंबरात अटक झाली, पंधरवड्यात जामीन झाला. परवा बाजारात दिसला. मला नमस्कार केला त्यानं.

माझ्यावरची केस अजून आहे.

वकील म्हणाले, तुम्हाला साक्षीला यावं लागेल. परदेशात. मी लातूरच्या पुढं कधी गेले नाही. पासपोर्ट काढायला सांगितला. तिथं कानाला यंत्र लावतात, दुभाषी असतो, समोरचा वकील दिवस दिवस विचारतो. "त्या खोलीत तुम्ही गप्प का बसलात, हे दहा तऱ्हेनं विचारतील," म्हणाले. "रडायचं नाही, चिडायचं नाही."

मग त्यातला थोरला म्हणाला, "आणि बाई, तिथं तुम्ही भारत सरकारच्या वतीनं बोलणार आहात, हे ध्यानात ठेवा."

मी म्हणलं, "मी भोकरमाळच्या वतीनं बोलन."

"तसं चालत नाही. पक्षकार सरकार आहे."

"मंग सरकारलाच म्हणावं, भोकरमाळच्या वतीनं बोल."

धाकटा हसला. थोरल्यानं ते वहीत लिहून घेतलं, कशासाठी कोण जाणे.

बोलताना बोलले. ते गेले आणि धीर सुटला. भाकरी थापायला बसले तर पीठ हाताला चिकटून राहिलं, थापताच येईना. शहादेव म्हणाला, "नगं वाटत आसंल तर नगं जाऊ. मी न्हाई म्हननार न्हाई." मी रात्रभर तोच विचार केला. विमान पडंल का इथपासून त्या दुभाष्याला हापसा कळंल का इथपर्यंत.

आज सकाळी पासपोर्टच्या फोटोला केजला गेले. फोटोवाला म्हणाला, ताई, असं घाबरल्यावानी तोंड नका करू, चालत नाही तिथं. तीन वेळा काढला. तिन्ही तसेच आले. शेवटी म्हणलं, राहू दे, हेच माझं तोंड आहे.

मी जाणार आहे, मुबश्शिरा. भीत भीतच, पण जाणार आहे.

वैष्णवी